शाळेचं माप कोणी काढावं?



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांचे विद्यार्थी आज पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत बसलेले दिसतात. त्यांच्यासमोर शाळेविषयी बोलायचं म्हणजे सांभाळून बोलावं लागणार. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होतो, पुढे केंद्रप्रमुख झालो. निवृत्तीपर्यंत चाचण्या घेणं, इतरांना घ्यायला लावणं आणि त्यांचे तक्ते करून वर पाठवणं यातच माझी बरीच नोकरी गेली. म्हणून आजचा विषय तोच घेतला आहे. मुलांच्या चाचण्या घेऊन शाळेला जाब विचारता येतो का? येत असेल तर तो कसा विचारावा आणि कोणी विचारावा?

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना लवकर निघायचं आहे त्यांची अडचण होणार नाही. मूल कुठे अडलंय हे शोधायची चाचणी वेगळी आणि शाळेला जबाबदार धरायची चाचणी वेगळी. एकाच कागदावर दोन्ही कामं उरकायला गेलं की दोन्ही बिघडतात. आणि जाब विचारायचाच, तर तो वर्गापासून मंत्रालयापर्यंत सगळ्यांना विचारायला हवा.

निकाल पाहून शाळेला पैसे देण्याची कल्पना मुळीच नवी नाही. १८६२ साली इंग्लंडात रॉबर्ट लोव या मंत्र्याने नियम केला. शाळेला एका मुलामागे साधारण १२ शिलिंग मिळायचे. त्यातले ४ हजेरीचे आणि उरलेले ८ वाचन, लेखन, गणित या तीन विषयांच्या परीक्षेचे. मूल एका विषयात नापास झालं की त्या आठातला तिसरा हिस्सा कापला जायचा. परीक्षा घ्यायला वर्षातून एकदा साहेब यायचा. मग मास्तरांनी काय केलं असेल, हे इथल्या कुठल्याही शिक्षकाला सांगायला नको. वर्षभर तेच एक वाचनाचं पुस्तक घोकून घेतलं. मुलं ते डोळे मिटूनही वाचू लागली. मॅथ्यू अर्नोल्ड हे इंग्रजी कवी पोटापाण्यासाठी शाळा तपासनीस होते. या पद्धतीमुळे शिकवणं यांत्रिक होत चाललं आहे, असं ते आपल्या सरकारी अहवालांतून सांगत राहिले. तरी ती पद्धत तीसेक वर्षं चालली.

हीच पद्धत आपल्या मुंबई इलाख्यातही आली. खासगी शाळांना निकालाप्रमाणे अनुदान मिळू लागलं. आणि तिच्याबद्दलचं सगळ्यात नेमकं मत कुणा साहेबाने नव्हे, पुण्याच्या जोतीराव फुल्यांनी मांडलं. १८८२ साली हंटर कमिशनपुढे त्यांनी जे निवेदन दिलं, त्यातली प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा ही मागणी आपल्याला माहीत असते. त्याच निवेदनातल्या आणखी दोन गोष्टी आज मुद्दाम सांगतो. पहिली ही की, निकालावर पैसे ही रीत गरीब, अशिक्षित समाजात शिक्षण पसरवायला कामाची नाही. तिथे शिक्षणाची गोडीच अजून लागलेली नाही, मग कोण मास्तर स्वतःच्या भरवशावर शाळा काढून पोट भरेल? दुसरी गोष्ट तपासणीची. डेप्युटी इन्स्पेक्टर वर्षातून एकदा येऊन जातो त्याचा काही उपयोग नाही, निदान तीन महिन्यांनी तरी शाळा तपासा आणि मधूनमधून न कळवता या, असं त्यांनी सुचवलं.

म्हणजे फुल्यांना शाळेची तपासणी नको नव्हती. उलट ती अधिक कडक, अधिक वेळा आणि अचानक हवी होती. त्यांना नको होतं ते निकालाच्या कागदाला पैसे बांधणं. तपासणी हवी, पण तपासणीची किंमत सगळ्यात मागे असलेल्या मुलाने भरू नये, हा त्यातला फरक. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कर्झनच्या काळात सरकारनेच ती पद्धत मोडीत काढली. फरक मात्र आपण पुन्हा विसरलो.

आता आपल्या काळाकडे येतो. २२ जून २०१५ ला ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा शासन निर्णय निघाला. त्यामागचा हेतू चांगला होता, हे मी त्या काळात काम केलेला माणूस म्हणून सांगतो. प्रत्येक मूल शिकलं पाहिजे, मागे राहिलेल्या मुलाचा दोष मुलावर टाकायचा नाही, हे पहिल्यांदा इतक्या ठामपणे कागदावर आलं. ज्ञानरचनावादाने वर्गातल्या फरश्या रंगल्या, भिंती बोलू लागल्या. आपल्या धुळे जिल्ह्याने तर लोकवर्गणीतून जिल्हा परिषदेच्या शाळा डिजिटल करून दाखवल्या. त्याबरोबर पायाभूत चाचणी आली, संकलित मूल्यमापन एक आलं, दोन आलं. शाळासिद्धीची स्वयंमूल्यमापनं आली. आयएसओची प्रमाणपत्रं मुख्याध्यापकांच्या खुर्चीमागे टांगली गेली. आणि मग बैठकीत विचारलं जाऊ लागलं, तुमच्या केंद्रातल्या किती शाळा प्रगत झाल्या? शेजारच्या केंद्राच्या तर सगळ्या झाल्या!

असा प्रश्न विचारला की त्याचं उत्तर तयार होतंच. ‘शंभर टक्के प्रगत’ असा फलक लावायला रंगारी एका दिवसात मिळतो.

सध्या शाळांमध्ये नियतकालिक मूल्यांकन चाचणी आहे. सगळे शिक्षक तिला पॅट म्हणतात. जागतिक बँकेच्या मदतीने सहा राज्यांत राबवलेल्या स्टार्स प्रकल्पातून ती आली. प्रश्नपत्रिका पुण्याहून छापून येते. पेपर घेतो वर्गशिक्षक, तपासतो वर्गशिक्षक आणि विद्या समीक्षा केंद्राच्या चॅटबॉटवर गुण भरतोही वर्गशिक्षकच. द्विशिक्षकी शाळा डोळ्यांसमोर आणा. एक गुरुजी मोबाइल घेऊन रेंज येते तिथे, आवारभिंतीवर, चढून बसले आहेत. चॅटबॉट फिरतो आहे, फिरतो आहे, आणि पुन्हा पहिल्या मुलापासून सुरुवात करा म्हणतो आहे. खाली दुसऱ्या बाई चार वर्ग एका खोलीत घेऊन बसल्या आहेत. रात्री आठपर्यंत माहिती भरली नाही तर उद्या तालुक्याच्या यादीत शाळेचं नाव लाल अक्षरात येणार. आता सांगा, या गुरुजींचं लक्ष मूल कुठे अडलं याकडे असेल की आकडा गेला की नाही याकडे?

आपल्या दोंडाईच्याच्या बाजार समितीत मिरचीचा लिलाव होतो. तिथे शेतकरी आपला माल आपण तोलत नाही आणि घेणारा व्यापारीही तोलत नाही. तोलतो तो बाजार समितीचा परवाना असलेला मापाडी. भाव वर जावो की खाली, त्याच्या खिशात काही जास्त पडत नाही, म्हणून दोघांचाही त्याच्या काट्यावर विश्वास बसतो. शाळेत आपण उलटं करतो. ज्याची पत त्या आकड्यावर ठरणार त्याच्याच हातात काटा देतो आणि वर म्हणतो, खरं वजन सांग. शिक्षक प्रामाणिक असतोच, पण त्याला अशा पेचात का टाकायचं?

पेच काय करतो ते महाराष्ट्राने २०११ च्या ऑक्टोबरात पाहिलं आहे. तीन दिवस सगळ्या राज्यात पटपडताळणी झाली. कारण काय, तर पटावर शिक्षकांची पदं ठरतात, तुकड्या ठरतात, अनुदान ठरतं. म्हणून पट फुगले होते. आधी नांदेडमध्ये त्या वेळचे जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी हा प्रयोग केला, मग तो राज्यभर झाला. सुमारे २० लाख मुलं कागदावर होती आणि वर्गात नव्हती, असं तेव्हा जाहीर झालं. मुलांची हजेरी ही मोजायला सगळ्यात सोपी गोष्ट, डोकी मोजायची, झालं. तिला पैसे बांधले तर ती एवढी फुगली. मग ‘वाचता येतं’ या मोजायला अवघड गोष्टीला बक्षीस किंवा शिक्षा बांधली तर काय होईल?

अमेरिकेने ते करून पाहिलं. २००२ च्या जानेवारीत तिथे कायदा झाला. २०१४ पर्यंत प्रत्येक मूल वाचन आणि गणितात ठरलेल्या पातळीवर आलं पाहिजे, नाही तर शाळेवर कारवाई. अटलांटा शहराच्या शाळांचे निकाल झपाट्याने सुधारले, तिथल्या शिक्षणप्रमुख बाईंचा देशभर सत्कार झाला. २०११ मध्ये चौकशी अहवाल आला तेव्हा कळलं की ४४ शाळांतल्या १७८ शिक्षक-मुख्याध्यापकांचा गैरप्रकारात हात होता. चुकलेली उत्तरं खोडून बरोबर उत्तरांवर खुणा केल्या गेल्या होत्या. २०१५ मध्ये ११ जणांना न्यायालयाने दोषी धरलं. त्याच वर्षाच्या शेवटी तो कायदाही बदलला. डोनाल्ड कॅम्पबेल नावाच्या सामाजिक मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकातच इशारा दिला होता की एखाद्या आकड्यावर जितके मोठे निर्णय टांगाल तितका तो आकडा भ्रष्ट होत जातो, आणि ज्याचं मोजमाप करायला निघालात तेही बिघडतं.

आपल्याकडे तर परीक्षा घेणाऱ्यांचीच परीक्षा झाली. शिक्षक पात्रता परीक्षेतल्या घोटाळ्यात डिसेंबर २०२१ मध्ये राज्य परीक्षा परिषदेच्या तत्कालीन आयुक्तांना अटक झाली, हजारो उमेदवार अपात्र ठरले. आणि १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की पाच वर्षांहून जास्त सेवा राहिलेल्या शिक्षकांनी दोन वर्षांत तीच पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हावी. न्यायालयाचा निर्णय पाळायचाच आहे. पण पन्नाशीच्या बाई, ज्यांनी दोन पिढ्यांना लिहायला शिकवलं, त्या आता रात्री जागून बहुपर्यायी प्रश्न सोडवत बसल्या आहेत. ही परीक्षा विश्वासाने द्यावी असं वाटायचं असेल, तर ती घेणाऱ्यांनी आधी आपली विश्वासार्हता सिद्ध केली पाहिजे.

आता चाचणी नेमकं काय मोजते, ते एका मुलीच्या निमित्ताने सांगतो. तापीकाठच्या एका गावातली तिसरीची मुलगी. पेपरात कोल्ह्याची गोष्ट होती, खाली प्रश्न होता, ‘कोल्हा कोठे लपला?’ तिने प्रश्नातला ‘कोल्हा’ आणि ‘लपला’ हे शब्द उताऱ्यात शोधले आणि ते ज्या ओळीत होते ती पूर्ण ओळ उतरवून काढली. पूर्ण गुण. मी पेपर बाजूला ठेवला आणि विचारलं, गोष्टीत काय झालं गं? मुलगी गप्प. ती खाली मान घालून पाटीवरची रेघ पुसत राहिली. मग तिच्या बाईंनी अहिराणीत विचारलं. त्यासरशी मुलगी सुटली. कोल्हा कसा घाबरला, झुडपात कसा दडला, मग ‘पळी गया’, आणि पळाला ते बरोबर नव्हतं, त्याने कोंबडी परत द्यायला पाहिजे होती, हेही तिने वर सांगितलं. कोल्ह्याला न्याय शिकवणारी ती मुलगी मला अजून दिसते.

आता त्या पेपराचा हिशेब करा. जे तिला येत नव्हतं, म्हणजे प्रमाण मराठी वाचून समजणं, त्याचे तिला पूर्ण गुण मिळाले. जे तिला उत्तम येत होतं, म्हणजे गोष्ट समजून तिच्यावर मत देणं, त्याला रकानाच नव्हता. आकडा खोटा नव्हता आणि खराही नव्हता. तो वर गेला आणि टक्केवारीत मिसळला. बाईंना मात्र त्या पाच मिनिटांत कळलं की या मुलीला कथेकडून अक्षराकडे आणायचं आहे. मूल ओळखणारी चाचणी ती ही. तिला पोर्टल लागत नाही, शिक्षकाची उसंत लागते.

मग तुम्ही विचाराल, चाचण्या बंदच कराव्यात का? अजिबात नाही. परीक्षा नको म्हणणं परवडतं ते ज्यांच्या घरी पुस्तकं आहेत आणि शिकवणीचे पैसे आहेत त्यांना. ऊसतोडीला गुजरातेत जाणाऱ्या बापाला, मका कापायला रोजाने जाणाऱ्या आईला, आपलं लेकरू वाचायला शिकलं का हे कळण्याचा शाळेशिवाय दुसरा मार्ग नसतो. त्यांना ते कळलंच पाहिजे, तो त्यांचा हक्क आहे. २०२४ च्या ‘असर’ सर्वेक्षणात देशातल्या ग्रामीण भागातल्या पाचवीच्या मुलांपैकी ४८.८ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. म्हणजे निम्म्याहून जास्त मुलांना तो आला नाही. हे झाकून कोणाचंही भलं होणार नाही.

पण हे ‘असर’ कसं करतात ते बघा. प्रथम संस्थेने २००५ पासून चालवलेली ही पाहणी शाळेत होत नाही, घरी होते. जिल्ह्यातली ३० गावं, गावातली २० घरं. ओट्यावर बसून मुलाला अक्षरं, शब्द, छोटा उतारा, मग गोष्ट, असं वाचायला देतात. हातच्याची वजाबाकी, साधा भागाकार. कुठल्या शाळेला बक्षीस नाही, कुठल्या गुरुजींना नोटीस नाही. म्हणून तिथे कोणाला खोटं बोलायची गरज पडत नाही. सरकारच्याही हातात तसंच साधन आहे. ४ डिसेंबर २०२४ ला ‘परख’चं राष्ट्रीय सर्वेक्षण झालं, तिसरी, सहावी आणि नववीच्या निवडक मुलांचं. सगळ्या मुलांना वर्षातून तीनदा तोलायची गरज नाही. थोडी मुलं नीट, बाहेरच्या माणसाने तपासली तर जिल्ह्याचं चित्र स्वच्छ दिसतं.

यावरून माझ्या तीन सूचना आहेत.

पहिली, वर्गातली चाचणी शिक्षकाची राहू द्या. तिचे गुण कुठल्याही पोर्टलवर जाऊ नयेत, तिच्यावरून शाळांची क्रमवारी लागू नये. मूल कुठे अडलं आणि पुढे काय केलं, याची वही शिक्षकाजवळ असावी. केंद्रप्रमुखाने टक्के न विचारता ती वही बघावी, फुले म्हणाले तशी, न कळवता येऊन. मूल अहिराणीत, भिलीत, पावरीत बोललं तरी ते उत्तर धरलं जावं.

दुसरी, शाळांचा हिशेब नमुना पाहणीने, दुसऱ्या तालुक्यातल्या माणसांनी काढावा. आणि तो सरासरीने मोजू नये. दिवाळीनंतर आईबापाबरोबर ऊसतोडीला गेलेलं आणि शिक्षण हमी कार्ड घेऊन उन्हाळ्यात परतलेलं मूल सरासरी खाली आणतं. सरासरीवर शाळा जोखली तर प्रत्येक मुख्याध्यापकाला ते मूल नकोसं होईल. म्हणून मूल आलं तेव्हा कुठे होतं आणि वर्षअखेर कुठे पोचलं, एवढंच बघावं.

तिसरी सूचना सगळ्यात महत्त्वाची. जबाबदारी वर चढली पाहिजे. शिक्षण हक्क कायद्याच्या २६ व्या कलमात लिहिलं आहे की शाळेतली रिक्त पदं मंजूर पदांच्या दहा टक्क्यांहून जास्त असू नयेत. २७ वं कलम सांगतं की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून इतर कामांना शिक्षकांना जुंपू नये. आणि आपण काय पाहिलं? २०१२ मध्ये शिक्षकभरती थांबली ती वर्षानुवर्षं थांबलेलीच राहिली. पवित्र पोर्टल आलं, अभियोग्यता चाचणी आली, पोरं वाट बघून थकली. जुलै २०२३ मध्ये तर निवृत्त शिक्षकांना महिना २० हजार मानधनावर परत बोलवायचा आदेश निघाला. माझ्यासारख्या म्हाताऱ्याला बोलावणं आलं याचा आनंद मानायचा, की डी.एड. करून घरी बसलेल्या पोराचं दुःख मानायचं? या काळात शाळांच्या मागे चाचण्या मात्र लागतच गेल्या.

राज्याला गुण देणारीही एक पद्धत आहे. केंद्राच्या कामगिरी निर्देशांकात २०२०-२१ साली महाराष्ट्राला हजारपैकी ९२८ गुण होते, देशात अगदी वरचे. पुढच्या वर्षी मोजण्याची रीत बदलली, मुलांना प्रत्यक्ष काय येतं याला वजन वाढलं, आणि देशातलं एकही राज्य वरच्या श्रेणीत उरलं नाही. एका वर्षात सगळ्या राज्यांच्या शाळा बिघडल्या का? शाळा त्याच होत्या. आधीचे गुण बरेचसे कागदपत्रांचे होते, एवढंच. पण राज्याचे गुण घसरले म्हणून कुठल्या सचिवाची वेतनवाढ रोखल्याचं मी ऐकलं नाही. शाळेचे गुण घसरले की गुरुजींना कारणे दाखवा नोटीस येते. आणि पट वीसच्या खाली गेला की समूह शाळेची चर्चा सुरू होते, आपल्या शेजारच्या नंदुरबारमधल्या तोरणमाळचं उदाहरण देऊन. तोरणमाळला निवासी शाळा आहे, डोंगरातल्या पाड्यांसाठी ती सोय ठीक. पण तेच उदाहरण घेऊन सपाटीवरच्या गावातली शाळा उचलायची, आणि सहा वर्षांच्या पोरीने गाडीची वाट बघत फाट्यावर उभं राहायचं, याला मी सुधारणा म्हणणार नाही.

मंडळी, शेवटचं बोलतो. कायद्याने प्रत्येक शाळेत व्यवस्थापन समिती आहे. तिच्यात तीन चतुर्थांश पालक असायला हवेत आणि निम्म्या बायका. बहुतेक गावांत ही समिती सह्यांपुरती उरली आहे, आणि ते आपण सगळ्यांनी चालू दिलं आहे. मापाडी बाहेरून येईल तेव्हा येईल, तोवर हे काम तुमचं आहे.

येत्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेत शाळेचा निकाल किती टक्के लागला असं विचारू नका. तीन प्रश्न विचारा. आमच्या शाळेत मंजूर पदं किती आणि भरलेली किती? गेल्या वर्षी आमच्या गुरुजींना वर्गाबाहेरच्या कामाला किती दिवस नेलं आणि कोणाच्या आदेशाने? आणि ज्या मुलांना अजून वाचता येत नाही त्यांच्यासाठी पुढच्या तीन महिन्यांत कोण काय करणार? उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्या, त्याची प्रत तालुक्याला आणि जिल्ह्याला पाठवा, आणि उत्तर आलं नाही तर पुढच्या ग्रामसभेत तेच प्रश्न पुन्हा विचारा. शहरातल्यांनी हेच नगरपालिकेच्या शाळांबद्दल आपल्या नगरसेवकाला विचारावं.

आणि आज रात्री घरी गेल्यावर आपल्या मुलाला, नातवाला एक पान वाचायला सांगा आणि काय समजलं ते आपल्या भाषेत विचारा. त्याला आलं तर शाबासकी द्या. नाही आलं तर उद्या शाळेत जा, आणि भांडायला नको, बसून बोलायला जा.